बिनवासाचं पाडस

एक होतं रान. रानात झाडं होती, ओढे होते, एक पाणवठा होता आणि लोकशाही होती. उन्हाळ्यात ओढे आटत, पाणवठाही निम्मा होई. लोकशाही मात्र बारा महिने काठोकाठ भरलेली असे, कारण तिला कुणी तोंडच लावत नसे. एकूण सगळं छान चाललं होतं.

या रानाचा राजा होता एक अस्वल. त्याचं नाव झिपरोजी. झिपरोजींचं नाक असं तिखट, की डोंगरापलीकडे मधाचं पोळं फुटलं तर इकडे यांच्या तोंडाला पाणी सुटे. डोळ्यांचं मात्र विचारू नका. दोन हातांवर कोण उभं आहे ते त्यांना कळत नसे. पण राजाला दिसत नाही असं म्हणायची रानात पद्धत नव्हती. महाराज दूरचं पाहतात, असं म्हणायची पद्धत होती. दर काही उन्हाळ्यांनी निवडणूक होई, ‘एक रान, एक नाक!’ अशी घोषणा देत झिपरोजी उभे राहत आणि निवडून येत. एकदा त्यांच्या विरोधात एक कासव उभं राहणार होतं. ते अर्ज भरायला निघालं आहे, अजून वाटेत आहे.

त्या वर्षी असं झालं, की एका म्हाताऱ्या सांबराला ‘रानभूषण’ किताब द्यायचं ठरलं. सांबर मान वाकवून उभं राहिलं. झिपरोजी पुढे आले आणि त्यांनी रानफुलांचा हार शेजारच्या वठलेल्या बुंध्याला घातला. मग त्या बुंध्याच्या कार्याचा गौरव करणारं भाषण केलं. तो कसा नेहमी आपल्या जागी ठाम उभा राहिला, त्यानं कधी काही मागितलं नाही, वगैरे. सगळं खरंच होतं, त्यामुळे मध्ये बोलायला कुणाला जागाच मिळाली नाही. सांबर संध्याकाळपर्यंत मान वाकवून उभं होतं आणि शेवटी मान आखडल्यावर घरी गेलं.

दरबारात कुजबुज झाली. तेव्हा जवादेबाई पुढे आल्या. जवादेबाई म्हणजे झिपरोजींच्या प्रधान, जातीनं उदमांजर. शेपटीखाली सुगंधाची पिशवी जन्मतःच असल्यामुळे वासाच्या विषयातल्या त्या तज्ज्ञ समजल्या जात.

"दोष महाराजांच्या डोळ्यांचा नाही," त्या म्हणाल्या. "दोष प्रजेचा आहे. प्रजा एकमेकांसारखी दिसते. यापुढे कुणी दिसायचं नाही. यापुढे फक्त वास यायचा. प्रत्येकानं आपापला वास सरकारजमा करावा."

"वा!" महाराज बुंध्याकडे बघून म्हणाले. "अशी प्रधान मिळायला भाग्य लागतं."

अशा रीतीनं वासपेढी सुरू झाली. एका गुहेच्या तोंडाशी जाऊन पळसाच्या पानावर गाल घासायचा, मान घासायची, आणि ज्यांचा वास गालात किंवा मानेत नसतो त्यांनी जे असेल ते घासायचं. मग पानाची गुंडाळी करून, मेणानं बंद करून ती गुहेत ठेवत. गुहेला आडोसा नव्हता. ‘आडोसा कशाला हवा? आपण सगळे एका रानाचे नाही का?’ असं जवादेबाई विचारत आणि घासणाऱ्याला मान खाली घालून हो म्हणावं लागे.

वास देणं पूर्णपणे ऐच्छिक होतं. फक्त जो वास देणार नाही त्याला पाणवठ्यावर येता येत नसे. यावर कुणीतरी हरकत घेतली, तेव्हा सरकारनं खुलासा केला की पाणी पिणंही ऐच्छिकच आहे. वास देण्याआधी सुतारपक्षी झाडावर बसून अटी ठोकून दाखवी. अटी इतक्या होत्या, की झाड पडे आणि तो पुढच्या झाडावर जाई. अट ऐकून कुणी वास दिल्याचं उदाहरण नाही. सगळे आल्या आल्या ‘मान्य, मान्य’ म्हणत गाल पुढे करत, कारण ऊन मी म्हणत होतं आणि पाणी समोर दिसत होतं.

आता मंजुळेबद्दल सांगतो. मंजुळा हे एक भेकर. भेकर म्हणजे चणीनं लहान, लाजरं हरीण. पानांतून दोन डोळे दिसतात आणि तुम्ही पाहिलं म्हणेपर्यंत ते दोन डोळेही दिसेनासे होतात. मंजुळेला नुकतंच पाडस झालं होतं. ते तिनं एका करवंदीच्या जाळीत ठेवलं होतं. तान्ह्या पाडसाला पळता येत नाही, लढता येत नाही, नीट उभंही राहता येत नाही. त्याच्याजवळ एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याच्या अंगाला वास नसतो. शिकारी अगदी शेजारून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. आईच्या अंगाला मात्र वास असतो, म्हणून आई दूर चरते, दिवसातून थोडा वेळ येऊन पाजते आणि निघून जाते. पाडस कुठे ठेवलंय हे भेकरीण कुणाला सांगत नाही, त्याच्या बापालाही नाही. बापानं कधी विचारलंही नव्हतं, तो भाग वेगळा.

मंजुळा वासपेढीवर गेली, कारण दूध पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते. पेढीवर कारकून होते घोरपडेसाहेब. ही घोरपड दिवसभर एकाच दगडावर बसे आणि कामाचा भाग म्हणून अधूनमधून जीभ बाहेर काढी.

मंजुळेनं पानावर गाल घासला. घोरपडेंनी जीभ काढली, आत घेतली.

"ओटी दुधानं भरलेली दिसतेय. पाडस आहे?"

"हाय जी."

"त्याचा वास?"

"त्याला वास न्हाई, साहेब."

"नाही म्हणजे?"

"तान्हं हाय. तान्ह्याला वास नसतो. देवानंच तसं केलंय."

"तसं परिपत्रक आहे का देवाचं?" घोरपडेंनी विचारलं. "नाही ना? हे बघा बाई, ज्याला वास नाही ते आमच्या लेखी नाही."

"मग तसंच लिवा. पाडस न्हाई म्हणून लिवा."

"तसं कसं लिहिणार? आत्ताच तुम्ही आहे म्हणालात. आहे आणि वास नाही, असं दोन्ही आम्हाला चालत नाही. घेऊन या त्याला. आम्ही देऊ त्याला एखादा वास. सरकारकडे शिल्लक आहेत. कुठे आहे ते?"

"ते न्हाई सांगनार."

हे ऐकलं मात्र, झुडपातून सातभाई बाहेर आले. सातभाई हे पक्षी सातजण मिळून हिंडतात आणि सातहीजण एकदम बोलतात. या गुणावर खूश होऊन सरकारनं त्यांना जनजागृतीचं काम दिलं होतं.

"लपवतेय! लपवतेय!" सातभाई ओरडले. "ज्यानं काही केलं नाही, त्याला लपवायचं काय? ज्यानं काही केलं नाही, त्याला लपवायचं काय?"

"लेकरू," मंजुळा म्हणाली. "लेकरू लपवायचं हाय. त्यानं काय बी केलेलं न्हाई. सापडलं की खातील त्याला."

यावर सातभाईंनी तोच प्रश्न आणखी मोठ्यानं विचारला. रांगेतले प्राणीही विचारू लागले, कारण मंजुळेमुळे रांग अडली होती. गोंधळ ऐकून जवादेबाई आल्या. त्यांनी मंजुळेकडे अतिशय प्रेमानं पाहिलं.

"बाई घाबरली आहे," त्या म्हणाल्या. "तिला त्रास देऊ नका. पाडसाबद्दल आपण तिला एक शब्दही विचारायचा नाही. तिचा एकटीचा वास पुरे."

मंजुळा हात जोडायच्या बेतात होती, पण तिला हात नव्हते. तिनं पाणी प्यायलं आणि ती गेली. एक सांगायला हवं, जवादेबाईंनी शब्द पाळला. पाडसाबद्दल सरकारनं मंजुळेला पुढे कधीही एक शब्द विचारला नाही.

गुहा वासांनी भरली. आता तिची राखण कुणी करायची? जाहीर निविदा निघाली. ती मिळाली कोळसुंद्यांना. कोळसुंदे म्हणजे डोंगरापलीकडचे रानकुत्रे. ते टोळीनं राहतात, एकमेकांना शीळ घालतात आणि भूक लागली की सावज हेरून दमेपर्यंत पळवतात. त्यांची निविदा सर्वांत कमी होती. राखणीसाठी त्यांनी काहीच मागितलं नव्हतं, उलट आम्हीच वर काही देऊ असं म्हटलं होतं. निःस्वार्थ सेवेचं असं उदाहरण दरबारानं पूर्वी पाहिलं नव्हतं. शिवाय त्यांच्याकडे वासाचा अनुभव होता. साळोजी नावाच्या साळिंदरानं विचारलं, की हा अनुभव त्यांना नेमका कशातून आला? त्यावर सातभाईंनी साळोजीला तो कोणत्या रानाचं पाणी पितो, असं विचारलं.

मग सोयी सुरू झाल्या. आधी फक्त वास होता, आता पाणवठ्यावर कोण कधी येतं, कुणाबरोबर येतं, पिऊन कुठे जातं, वाटेत कोणत्या झाडाला पाठ घासतं, हेही पाहिलं जाऊ लागलं. सगळं प्रजेच्या सोयीसाठी. सोय पोहोचवायला साळुंक्या नेमल्या. साळुंकी डोक्यावरून उडत येई आणि तुम्हाला हवं असलेलं तुम्हाला कळायच्या आत ओरडून सांगे.

ते म्हातारं सांबर एकदा गुपचूप बाभळीला अंग घासत होतं, तोच वरून साळुंकी ओरडली, "मागच्या बाजूला खाज? उतारावरचा ताजा चिखल वापरा! आजच्या दिवस दुप्पट!" सांबराच्या सुनांनी ते ऐकलं. एका रानडुकराला बायकोला न सांगता खालच्या ओढ्यावर जायची सवय होती, त्याच्या बायकोला साळुंकीनं घरी येऊन सांगितलं, "आपले यजमान ज्यांना भेटतात, त्यांना हेही आवडतं: कंद!" डुकरीण शांतपणे ‘हो का’ म्हणाली आणि मग डुक्कर बरेच दिवस खालच्या ओढ्यावरच राहिलं. एका वानरानं स्वप्नात फणस पाहिला, तर सकाळी दोन साळुंक्या फणसाचे पत्ते घेऊन हजर. वानर खूशच झालं. आपल्याबद्दल इतका विचार त्याच्या आईनंही केला नव्हता. रानात अशा खूश झालेल्यांची संख्या मोठी होती, हे मान्य केलं पाहिजे.

आणि मग एके दिवशी डोंगरापलीकडच्या बाजारात पळसाच्या गुंडाळ्या विकायला आल्या.

ही बातमी घारीनं आणली. रानात एकच हलकल्लोळ झाला. दुपारपर्यंत सरकारचं निवेदन आलं. ते घोरपडेंनी वाचून दाखवलं: "वास चोरीला गेलेले नाहीत. वास जिथे होते तिथेच आहेत. फक्त ते आता इतरत्रही आहेत. अफवा पसरवणाऱ्यांचे वास आमच्याकडे आहेत, याची त्यांनी नोंद घ्यावी."

दुसऱ्याच दिवसापासून रानात भलतेच पाहुणे येऊ लागले. साळोजीच्या बिळात त्याच्या मेव्हण्याचा वास आला, म्हणून त्यानं अंधारात ‘या या’ केलं. तो निघाला एक कोल्हा. पण तो इतका लाघवी, आणि खाऊन झाल्यावर आवराआवर करणारा निघाला, की साळोजीच्या बायकोनं खऱ्या मेव्हण्याला निरोप पाठवला, की तुम्ही आता नाही आलात तरी चालेल. सगळ्यांचंच असं भलं झालं नाही. सशांच्या तीन बिळांत ‘मावशी आली’ म्हणून पोरं बाहेर धावली आणि मावशी नव्हती. ती तिन्ही बिळं आज रिकामी आहेत. त्याबद्दल सरकारी निवेदनात काही नव्हतं. मी इथे लिहून ठेवतो, एवढंच माझ्या हातात आहे.

जवादेबाईंनी तातडीनं उपाय काढला. ज्यांचे वास इतरत्र गेले, त्यांनी आपला वास बदलून टाकावा! नवा वास बळकट हवा. त्यात एक मोठं शेण, एक लहान लेंडी, एक फूल आणि एक कशाचा आहे ते ओळखू न येणारा पदार्थ असलाच पाहिजे. तो जुन्या वासासारखा नको. तो कुणाला सांगू नये. तो स्वतः विसरू नये. आणि पंधरवड्यानं पुन्हा बदलावा.

झालं! सगळं रान लोळायला लागलं. गवे मोगऱ्यात लोळले, ससे गव्यांच्या शेणात लोळले, वानरांनी हे सगळं अंगाला चोपडून वर दुसऱ्याच्या अंगाला पुसलं. पिल्लांना आया ओळखेनात. एका चितळानं आपल्याच बायकोला मागणी घातली आणि तिनं विचार करायला वेळ मागितला. पहिल्यांदा लोकांनी हे मन लावून केलं. नंतर मात्र कंटाळा आला. कशाला दर पंधरवड्याला फूल शोधा, लेंडी शोधा? पाणवठ्याच्या वाटेवरच महाराजांची प्रातर्विधीची जागा होती. तिथे मोहाची फुलं, वाळवी, मध असं सगळं एकाच ढिगात तयार मिळे. एकजण त्यात लोळला. दुसऱ्यानं ते पाहिलं आणि तोही लोळला. प्रत्येकाला वाटलं ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली. दुपारपर्यंत उंदरापासून गव्यापर्यंत सगळ्या रानाला महाराजांचा वास येऊ लागला.

आता राजवाड्याच्या गुहेवर पहारा होता मुंगसांचा. त्यांना हुकूम होता, की महाराजांचा वास आला की आत सोडायचं, आणि जास्तीची खबरदारी म्हणून एक गुप्त प्रश्न विचारायचा. प्रश्न असा होता: महाराजांनी पहिला मध कुठल्या झाडावर खाल्ला? ही आठवण महाराज प्रत्येक भाषणात गहिवरून सांगत. त्यामुळे जो येई तो ‘ऐनाच्या’ म्हणे आणि आत जाई. झिपरोजी स्वतः दुपारची वामकुक्षी आटोपून पोहोचले, तेव्हा गुहेत सतरा महाराज बसले होते.

"जागा नाही," मुंगूस म्हणालं. "सतरा महाराज आत आहेत. उद्या या."

"अरे, मी झिपरोजी!"

"सगळे तेच म्हणतात."

"वास घे माझा!"

मुंगसानं वास घेतला. "तोच आहे. पण तो माझाही आहे, महाराज. सकाळी मीही लोळलोय."

आत सतरा महाराजांनी कारभार सुरू केला होता. त्यातल्या रानडुकरानं चिखलाला राष्ट्रीय दर्जा दिला. एका सशानं सुळे असलेल्या सर्वांना रान सोडायची मुदत दिली. दोन वानरांनी एकमेकांना बडतर्फ केलं आणि पुन्हा नेमलं. जवादेबाई प्रत्येकाच्या हुकुमाला ‘दूरदृष्टी, महाराज’ म्हणत होत्या. बाहेर कुणालाही काही फरक जाणवला नाही, कामकाज नेहमीसारखंच चाललं.

झिपरोजी मात्र रडकुंडीला आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण कोण हे कुणाला पटवून देता येत नव्हतं. भूकही लागली होती. तेव्हा नाकानं त्यांना नेलं पिकलेल्या करवंदांकडे. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला एक दाट जाळी होती. ते काटे अंगावर घेत आत शिरले, बूड टेकलं आणि रडत रडत करवंदं खायला लागले. त्यांच्या पोटाला लागूनच मंजुळेचं पाडस पडलेलं होतं. महाराजांना ते दिसलं नाही आणि त्याचा वास तर नव्हताच. राजाच्या लेखी ते पाडस खरोखरच नव्हतं. पाडसानं कान मिटले आणि ते मातीसारखं निश्चल राहिलं.

त्याच वेळी मंजुळा दूरच्या उतारावर चरत होती. तिच्या डोक्यावर एक साळुंकी आली.

"अभिनंदन! नव्या बाळासाठी मऊ वाळलेलं गवत! करवंदीच्या जाळीपर्यंत घरपोच!"

मंजुळेच्या तोंडातला घास पडला. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. पण रोज एका ओटी भरलेल्या भेकरीचे पाय कुठे जातात आणि परतताना ओटी रिकामी का असते, एवढं पाहिलं की पुरतं. साळुंकी आनंदानं ओरडतच होती. "करवंदीच्या जाळीपर्यंत! घरपोच!" आणि डोंगराच्या धारेवरून शीळ आली. एक, मग दुसरी, मग पुष्कळ.

मंजुळा धावली. आईनं पाडसाकडे थेट धावायचं नसतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. पण शिकवलेलं सगळं त्या क्षणी उडून गेलं आणि मला तरी त्यात तिची चूक दिसत नाही.

ती पोहोचली तेव्हा कोळसुंदे जाळीभोवती गोळा झाले होते. त्यांचा म्होरक्या आत शिरला. आत त्याला महाराजांचा वास आला, पण तो तर आज साऱ्या रानाला येत होता. त्यानं ढुशी देत विचारलं, "ए, कोण तू? बाजूला हो. आमचा माल आहे इथे."

"मी झिपरोजी! या रानाचा राजा!"

"राजा गुहेत आहे. सतरा आहेत. तू अठरावा का?"

बास! दिवसभराचा अपमान महाराजांच्या पंजात उतरला. त्यांनी अशी एक थप्पड ठेवून दिली, की म्होरक्या काट्यांतून उडून बाहेर पडला आणि न थांबता धार ओलांडून गेला. टोळी त्याच्यामागे गेली. झिपरोजींच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं लोकोपयोगी काम होतं आणि ते आपण केलं हे त्यांना माहीत नव्हतं.

मंजुळा आत आली. पाडस जिवंत होतं. तिनं ते चाटलं, पुन्हा चाटलं, आणि तिला रडू कोसळलं.

"कोण आहे?" महाराज म्हणाले. "तूही विचारणार का मी कोण म्हणून?"

"न्हाई, महाराज. म्या वळखलं तुमास्नी."

"कसं?"

"बघून."

महाराजांना ही पद्धत नवीन वाटली. मग मंजुळेनं त्यांना सगळं सांगितलं. पाडसाचं, साळुंकीचं, शिळेचं. झिपरोजींनी पंजानं हळूच चाचपून पाहिलं. हाताला एक छोटं, उबदार, धडधडणारं काहीतरी लागलं आणि त्यांना गलबलून आलं. ढोंग नव्हतं हो त्यात. मोठी माणसं गलबलतात, फक्त पुढे काय करतात ते पाहावं लागतं.

"मी कायदा करतो," ते म्हणाले. "असा कायदा, की कुणाच्या लपण्याकडे कुणी वाकडा डोळा करून बघणार नाही."

"कायदा नको, महाराज. निस्तं एक करा. हितलं कुनाला सांगू नका."

"शब्द देतो!" महाराज म्हणाले आणि त्यांनी उरलेली करवंदं संपवली.

पुढे सतरा महाराजांना राजेपणाचा कंटाळा आला. गुहेत गवत नव्हतं. एकेकजण चरायला म्हणून निघून गेला आणि अंगावरचे वासही उन्हानं उडाले. झिपरोजी पुन्हा गादीवर बसले. ते रोज करवंदीच्या जाळीवर जात, त्यामुळे कोळसुंदे तिकडे फिरकत नसत. मंजुळेला वाटलं, याहून चांगली जागा नाही. तिनं राजाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पाडस तिथेच ठेवलं. कायद्याचा मसुदा होईपर्यंत पाडसाचे पाय सरळ झाले, ते जाळीत उड्या मारू लागलं, आणि त्याच्या अंगाला हळूहळू वासही यायला लागला.

कायदा मंजूर करायला पाणवठ्यावर महासभा भरली. हजेरी सक्तीची होती. पहिल्या रांगेत खास निमंत्रित म्हणून कोळसुंदे बसले होते, कारण राखणीचा करार अजून संपायचा होता. जवादेबाईंनी कलमं वाचली. "कलम पहिलं: प्रत्येकाला लपण्याचा अधिकार आहे. कलम दुसरं: कोण कुठे लपणार, हे त्यानं लपण्याआधी पेढीला कळवावं. कलम तिसरं: हा कायदा सर्वांना सारखाच लागू राहील, यातून फक्त सरकार, ठेकेदार आणि ज्यांच्यापासून लपायचं आहे ते वगळले आहेत."

सातभाईंनी सातही गळ्यांनी जयजयकार केला. मग झिपरोजी बोलायला उठले. त्यांना भरून आलं होतं.

"प्रजाजनहो! हा कायदा मला कुठे सुचला? मी शब्द दिलाय, की मी ते कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही काय कुणी परके आहात? तुम्ही माझं कुटुंब आहात! तर पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, तिरक्या खडकाच्या डाव्या हाताला जी करवंदीची जाळी आहे ना, तिच्यात आमच्या मंजुळेचं एक गोजिरवाणं पाडस..."

पहिल्या रांगेतले सगळे कान एकदम ताठ झाले. म्होरक्या उठून उभा राहिला.

आणि मंजुळा भुंकली.

भेकराचं ओरडणं ऐकलेलं नसेल तर सांगतो, एवढ्याशा अंगातून कुत्र्यासारखा असा खणखणीत आवाज निघतो, की डोंगर दणाणतो. धोका दिसला की भेकर भुंकतं, आणि ते ऐकलं की गवत खाणारा जीव कारण विचारत नाही. मंजुळा एकदा भुंकली, दोनदा भुंकली आणि भुंकतच राहिली. गवे उधळले, सांबरं उधळली, ससे पायांखालून सटकले, वानरं झाडांवरून पसार झाली. धुळीचा असा लोट उठला, की कोळसुंद्यांना एकमेकांची शेपटं दिसेनात आणि हजार खुरांनी उडवलेल्या वासांच्या कालव्यात एकाही नाकाला एकही वास लागेना. जाळीतल्या पाडसानं आईचा आवाज ऐकला. आजवर ते आवाज आला की निपचित पडत असे. त्या दिवशी ते उठलं आणि धावलं. मंजुळेनं त्याला धारेजवळ गाठलं. दोघं धार उतरून गेली. कुठे गेली ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

पाणवठ्यावर धूळ खाली बसली. व्यासपीठावर महाराज होते, जवादेबाई होत्या, घोरपडेसाहेब होते. पहिली रांग भरलेली होती. मागे सगळं मैदान रिकामं पडलं होतं.

"काय हा उत्साह!" झिपरोजी म्हणाले. "मतदान घ्या."

"कायद्याच्या बाजूनं?" घोरपडेंनी विचारलं.

पहिल्या रांगेनं शीळ घातली.

"विरोधात?"

मैदानावर फक्त खुरांचे ठसे होते. घोरपडेंनी जीभ बाहेर काढली, आत घेतली, आणि जाहीर केलं की सविस्तर चर्चेनंतर कायदा एकमतानं मंजूर झाला आहे.